टनाच्या किती गोण्या? भागाकार दहा सेकंदांचा, घोळ त्याच्या आधीच होतो

एकूण वजन भागिले एका गोणीचं वजन, आलं उत्तर. यात काय लिहायचं असं कुणालाही वाटेल आणि गणित म्हणून बघितलं तर खरंच तेवढंच आहे, चौथीतल्या पोराला सांगा, करून देईल. पण मी बरीच वर्षं गोदामाचा हिशोब बघितलाय आणि अजून एकदाही भागाकार चुकल्यामुळे भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडणं होतात ती कुठल्या वजनाला भागलं, कुठल्या वजनाने भागलं आणि उरलेल्या पॉइंटच्या पुढच्या आकड्याचं काय केलं यावरून. म्हणून भागाकार आधी पटकन उरकतो आणि मग खरा त्रास जिथे होतो तिथे जरा बसतो.

तर साधी पद्धत. दोन्ही वजनं एकाच मापात आणा, म्हणजे सगळं किलोत. १ टन म्हणजे १,००० किलो, १ क्विंटल म्हणजे १०० किलो. १२ टन ४ क्विंटल ३० किलो असेल तर १२,००० अधिक ४०० अधिक ३०, झाले १२,४३०. गोणी ५० किलोची असेल तर १२,४३० भागिले ५० म्हणजे २४८.६. २४८ पूर्ण गोण्या आणि ३० किलो सुटा माल. संपलं.

तोंडी करायचं असेल तर ५० किलोच्या गोणीला क्विंटलची दुप्पट करा, १२४.३ क्विंटलच्या २४८.६. २५ च्या गोणीला चौपट. ४० किलोची असेल तर अडीचपट, म्हणजे टनाला २५. २० किलोची टनाला ५०. हे आकडे तोंडात बसलेले असतात सगळ्यांच्या, त्रास होतो तो ४५, ६०, ३५ असल्या गोण्यांना कारण टनाला भाग पूर्ण जात नाही. तिथे मी टनाचा हिशोब करतच नाही, पूर्ण आकडा कुठे येतो ते लक्षात ठेवतो. ४५ किलोच्या गोण्या ९ टनाला बरोब्बर २००. ६० किलोच्या ३ टनाला ५०. ३० किलोच्या ३ टनाला १००. ३५ च्या ७ टनाला २००. आता २० टन माल ४५ च्या गोण्यांत भरायचाय, तर १८ टनाच्या ४०० झाल्या, उरले २ टन म्हणजे २,०००, त्यात ४४ गोण्या जातात १,९८० किलोच्या आणि २० किलो उरतात. ४४४ आणि २० किलो. कागद लागत नाही.

उलटा हिशोब पण असतो, गोण्या मोजल्यात आणि वजन हवंय. ५० च्या ३७३ गोण्या असतील तर निम्मे करा, १८६.५, हे झाले क्विंटल. १८ टन ६५० किलो.

इथे एक चूक सांगतो जी शिकलेली माणसंसुद्धा करतात आणि मी स्वतः सुरुवातीला केलीये. १,७३० किलो माल, ४० किलोची गोणी, कॅल्क्युलेटर सांगतो ४३.२५. आणि माणूस लिहितो ४३ गोण्या २५ किलो. अहो तो .२५ म्हणजे पाव गोणी, २५ किलो नाही. पाव गोणी ४० ची म्हणजे १० किलो. पॉइंटच्या पुढचा आकडा गोणीच्या वजनाने गुणायचा मगच किलो येतात, किंवा सरळ ४३ गुणिले ४० म्हणजे १,७२० वजा करा, उरले १०. फक्त १०० किलोच्या पोत्यालाच पॉइंटच्या पुढचे दोन आकडे थेट किलो असतात आणि मला वाटतं ही सवय तिथूनच लागलेली असावी, कारण क्विंटलमध्ये ४३.२५ म्हणजे खरंच ४३ क्विंटल २५ किलो.

आता टन. टन म्हटलं की आपण १,००० किलोच धरतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण कागद बाहेरच्या देशातून आला असेल तर टन तीन प्रकारचा असू शकतो. एक आपला मेट्रिक, १,००० किलो. दुसरा अमेरिकेत चालतो तो शॉर्ट टन, २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७.१८ किलो. तिसरा लाँग टन, जुना ब्रिटिश, २,२४० पौंड, म्हणजे १,०१६.०५ किलो. पौंड स्वतः पक्का ठरलेला आहे, १९५९ पासून ०.४५३५९२३७ किलो, त्यात वाद नाही. पण बघा फरक किती पडतो, कागदावर नुसतं २० टन लिहिलंय आणि तुम्ही ५० च्या गोण्या करताय. मेट्रिक असेल तर ४००. शॉर्ट असेल तर १८,१४३ किलो आणि वर थोडं, म्हणजे ३६२ गोण्या आणि सुटे ४३ किलो. लाँग असेल तर ४०६ आणि वर २० किलो. म्हणजे कमी-जास्त मध्ये चव्वेचाळीस गोण्यांचा फरक, तोही कुणी काही न चोरता. त्यामुळे टन कुठला ते विचारून घ्या, विचारायला लाजू नका, समोरच्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं आणि मग तो पण शोधतो.

तसंच गोणी. गोणी म्हणजे ५० किलोच असं डोक्यात बसलेलं असतं पण गोणी हे माप नाहीये. सिमेंटचंच घ्या, कुठे ५० किलोची, कुठे २५, कुठे ४०, आणि अमेरिकेत ९४ पौंडांची म्हणजे ४२.६ किलोची. ९४ हा विचित्र आकडा यासाठी की मोकळं सिमेंट एक घनफूट भरलं तर ते साधारण ९४ पौंड भरतं, म्हणजे त्यांची गोणी म्हणजे एक घनफूट, मापायला सोपं. एका मेट्रिक टनात त्यांच्या साडेतेवीसच्या आसपास बसतात. कॉफीचा जगभरचा हिशोब ६० किलोच्या पोत्यात चालतो, लाखो पोती उत्पादन वगैरे जे आकडे येतात ते त्याच पोत्याचे, प्रत्यक्षात माल कुठल्या का गोणीत असेना. म्हणून "गोण्या किती" याचं उत्तर देण्याआधी "कुठली गोणी" हे विचारायचं. आणि गोणीवर छापलेलं वाचायचं, अंदाजाने आकार बघून नाही, कारण ५० किलो सिमेंट साधारण ३५ लिटर जागा घेतं आणि ५० किलो गहू ६५ लिटरच्या आसपास. जवळपास दुप्पट. एकाच मापाच्या रिकाम्या गोण्या मागवल्या तर एकात अर्धी रिकामी राहील नाहीतर दुसऱ्याचं तोंड शिवता येणार नाही.

आता बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचं स्वतःचं वजन. सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोणीवर जे नेट लिहिलेलं असतं ते आतल्या मालाचं. ग्रॉस म्हणजे गोणीसकट. विणलेल्या प्लॅस्टिकची ५० किलोची गोणी शंभर-सव्वाशे ग्रॅमची असते, तिचं फारसं काही नाही. पण तागाचं पोतं अर्ध्या किलोच्या वर जातं, मोठं जाड असेल तर किलोभरसुद्धा. एकदा माझ्याकडे माल आला, गाडी भरलेली तोलली, खाली करून रिकामी तोलली, वजाबाकी केली तर १६,१९२ किलो. मी हुशारीने भागिले ५० केलं, ३२३.८४ आलं. म्हटलं ३२३ तरी गोण्या पाहिजेत आणि एक अर्धवट. मोजल्या तर ३२०. आता चार गोण्या कुठे गेल्या? ड्रायव्हरला विचारलं, हमालांना विचारलं, परत मोजल्या, परत ३२०, ड्रायव्हर चिडला, बरोबरच होतं त्याचं. शेवटी एक रिकामं पोतं काट्यावर टाकलं तर ६०० ग्रॅम. म्हणजे भरलेली गोणी ५०.६ किलो, आणि ३२० गुणिले ५०.६ म्हणजे १६,१९२. एक ग्रॅमसुद्धा इकडे-तिकडे नव्हता. चहा पाजावा लागला सगळ्यांना.

तेव्हापासून नियम ठेवलाय. भुईकाट्यावरचं, म्हणजे अख्खी गाडी तोलतात त्या काट्यावरचं वजन असेल तर भागाकार ग्रॉस गोणीने, नेट मालाचं वजन असेल तर नेट गोणीने. एकाचं वर दुसऱ्याचं खाली असं करायचं नाही. आणि काट्याच्या चिठ्ठीवर जे नेट लिहितात ते गाडी वजा करून आलेलं नेट असतं, बारदान वजा करून नव्हे, शब्द एकच असल्यामुळे फसायला होतं. भुईकाटा पण १०-१० किंवा २०-२० किलोच्या टप्प्यात वाचतो बऱ्याच ठिकाणी, त्यात भरलेल्या वेळी ड्रायव्हर आत बसलेला आणि रिकाम्या वेळी खाली उतरलेला असेल तर एक-दीड गोणीचा फरक तिथेच पडला. त्यामुळे काट्यावरून काढलेली गोण्यांची संख्या आणि हाताने मोजलेली यात एकाचा फरक आला तर मी आकाशपाताळ एक करत नाही. मोजलेली धरतो.

गाडीत किती गोण्या टाकायच्या हे काढतानासुद्धा ग्रॉसच. गाडीला ९,००० किलो माल चालतो आणि तागाच्या ५० किलोच्या गोण्या आहेत तर १८० नाही, ९,००० भागिले ५०.६ म्हणजे १७७.८, तर १७७. १८० टाकल्या तर १०८ किलो ओव्हरलोड.

आणि हे आलंच तर, पॉइंटच्या पुढचं वर न्यायचं का खाली? शाळेत शिकवलं की पाचाच्या वर असेल तर वर आणि खाली असेल तर खाली. गोण्यांना तो नियम लावू नका कधीच. इथे काम काय आहे त्यावर ठरतं. माल विकत घ्यायचाय, १,७३० किलो लागणारे, तर ४३.२५ च्या ४४ घ्याव्या लागतील, ४३.०१ आलं तरी ४४, कारण पाव गोणी कुणी देत नाही आणि कमी पडलं तर काम थांबतं. ढीग पडलाय आणि गोण्या भरायच्यात तर पूर्ण ४३च भरणार, ४३.९९ आलं तरी ४३, शेवटची पूर्ण म्हणून शिवून पाठवली तर पलीकडे ती नेमकी काट्यावर जाते, असा माझा अनुभव आहे. गाडीची मर्यादा असेल तर खाली. रिकाम्या गोण्या मागवायच्या असतील तर वर आणि शिवाय थोड्या जास्तीच्या, कारण फाटतात, शिवताना बिघडतात, शंभरामागे दोन-तीन जास्त मी ठेवतो. एकाच दिवशी एकाच मालासाठी हे तीन वेगवेगळे आकडे येऊ शकतात आणि तिन्ही बरोबर असतात. हे पटवून देणं कधीकधी अवघड जातं.

पुढची गोष्ट, गोणीवर ५० लिहिलंय म्हणून आत ५० असेलच असं नाही. मशीनने भरलेली असेल तर फरक थोडा, हाताने घमेल्याने भरलेली असेल तर विचारू नका. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची पॅकबंद मालाबद्दलची शिफारस आहे, त्यात १५ ते ५० किलोच्या पॅकला १ टक्का इतकी तूट एखाद्या पॅकमध्ये चालवून घेतात, म्हणजे ५० किलोच्या गोणीत अर्धा किलो, २५ च्या गोणीत पाव किलो. पण अट अशी की सगळ्या लॉटची सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. म्हणजे एक कमी तर दुसरी जास्त पाहिजे, सगळ्याच गोण्या अर्धा-अर्धा किलो कमी भरून "चालतं की" असं म्हणता येत नाही. वरवर बघता अर्धा किलो काहीच नाही वाटतं पण ४०० गोण्यांना तो २०० किलो होतो, म्हणजे चार गोण्या हवेत गेल्या.

म्हणून मोठा लॉट असेल तर सरासरी काढा. थप्पीतून वेगवेगळ्या जागेवरून दहा गोण्या घ्या, वरच्या पुढच्या सोप्या दहा नाही, मधल्या खालच्या पण, आणि एकत्रच तोला नाहीतर एकेक तोलून बेरीज करा. समजा बारदान वजा करून दहांचे ५०३ किलो झाले. म्हणजे सरासरी ५०.३. आता २५ टन माल असाच भरला तर ५०० गोण्या होणार नाहीत, २५,००० भागिले ५०.३ म्हणजे ४९७. तीन गोण्या कमी भरल्या म्हणून भरणाऱ्यावर संशय घेण्याआधी हे करा, माल गेला कुठेच नाही, बाकीच्या गोण्यांत थोडा थोडा जास्त बसलाय.

ओलावा. धान्य, वाळू, खडे मीठ, कुठलाही पाणी धरणारा माल असेल तर आजचं वजन आणि वाळल्यानंतरचं वजन वेगळं, त्यामुळे गोण्याही वेगळ्या. आणि इथे एक अशी चूक आहे जी इतकी साधी वाटते की चूक वाटतच नाही. १०,००० किलो धान्य आहे, ओलावा १८ टक्के, वाळवून १२ टक्क्यांवर आणायचंय. सगळे म्हणतात ६ टक्के कमी, म्हणजे ६०० किलो गेले, ९,४०० राहिले, ५० च्या १८८ गोण्या. चुकलं. कारण ते १२ टक्के हे नवीन वजनाचे आहेत, जुन्या वजनाचे नाहीत. विचार असा करायचा, पाणी उडतं पण सुका माल तेवढाच राहतो. १८ टक्के पाणी म्हणजे ८२ टक्के सुकं, ८,२०० किलो. हे ८,२०० वाळल्यावर एकूणच्या ८८ टक्के असणारेत. तर ८,२०० भागिले ०.८८ म्हणजे ९,३१८ किलो. १८६ गोण्या आणि १८ किलो. दोन गोण्यांचा जवळपास फरक पडला, दहा टनात. शंभर टनात सोळा-सतरा गोण्यांचा होईल.

सूत्र म्हणून हवं असेल तर असं:

नवीन वजन = जुनं वजन × (१०० − जुना ओलावा) ÷ (१०० − नवीन ओलावा)

हे एवढं भिंतीवर लिहून ठेवा, बाकीचं लक्षात राहतं.

कधीकधी वजनच माहीत नसतं, नुसता ढीग पडलेला असतो आणि विचारतात किती गोण्या होतील. आता काटा जवळ नाही. तर आधी ढिगाचं आकारमान, मग त्याला घनतेने गुणून वजन, मग गोण्या. ढीग जर वर टोकदार खाली गोल असा पडला असेल तर तो शंकू. शाळेतलं सूत्र त्रिज्येचं आहे पण ढिगाची त्रिज्या कोण मोजणार, मध्यात टेप घालता येत नाही, म्हणून मी घेर मोजतो, दोरी फिरवायची तळाशी. घेर गुणिले घेर गुणिले उंची भागिले ३७.७, एवढं केलं की घनमीटर येतात, सगळं मीटरमध्ये मोजलेलं असलं की झालं. घेर १२ मीटर, उंची १.२ मीटर असेल तर १४४ गुणिले १.२ म्हणजे १७२.८, भागिले ३७.७ म्हणजे ४.५८ घनमीटर. उंची मोजायला एक सरळ काठी आडवी धरून दुसरी उभी लावायची, उतारावरून टेप टाकली तर ती उंची नाही.

घनता कुठून आणायची? कोरड्या वाळूची घनमीटरला साधारण १,६०० किलो धरतात, मोकळ्या सिमेंटची १,४४०, गव्हाची ७७० च्या आसपास. पण मी म्हणेन दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका, बादली घ्या. बादली रिकामी तोला, पाण्याने काठोकाठ भरून तोला, फरक जितके किलो तितके लिटर बादली. समजा १५.२. मग तीच बादली कोरडी करून तुमच्या मालाने भरा, ठोकायची नाही हलवायची नाही, जसा ढिगात मोकळा पडलाय तसाच, वर पट्टी फिरवून सपाट करा आणि तोला. समजा माल २४.१ किलो. २४.१ भागिले १५.२ म्हणजे १.५८६, म्हणजे घनमीटरला १,५८६ किलो. आता ४.५८ गुणिले १,५८६ म्हणजे ७,२६४ किलो, २५ किलोच्या गोण्या २९० आणि वर थोडं. मी इथे तोंडाने "पावणेतीनशे ते तीनशे" सांगतो, कारण ढीग कधीच पुस्तकातल्यासारखा गोल नसतो आणि २९० म्हटलं की लोक २९०च धरून बसतात.

वाळूचं एक विशेष आहे, थोडी ओली झाली की ती फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात, बारीक वाळू पाच टक्के ओलाव्याला पाव भागाने जास्त जागा घेऊ शकते. आणि गंमत म्हणजे पूर्ण पाण्यात बुडवली तर परत खाली बसते. तर ओल्या वाळूच्या ढिगाला कोरड्या वाळूची घनता लावली तर गोण्यांचा अंदाज बराच जास्त येतो. बादली हे आपोआप पकडते, म्हणून बादली.

बांधकामवाल्यांचा प्रश्न याचाच भाऊ आहे, एक घनमीटर काँक्रीटला सिमेंटच्या किती गोण्या. १:२:४ चं मिश्रण घ्या, म्हणजे सिमेंट एक भाग, वाळू दोन, खडी चार. कोरडा माल ओला झाला की आकसतो म्हणून एक घनमीटर तयार काँक्रीटला कोरडा माल १.५४ घनमीटर धरायची पद्धत आहे. एकूण भाग १ अधिक २ अधिक ४ म्हणजे ७. सिमेंटचा वाटा १.५४ भागिले ७ म्हणजे ०.२२ घनमीटर. गुणिले १,४४०, झाले ३१६.८ किलो. ५० च्या ६.३४ गोण्या. इथे एक सांगतो, तीन घनमीटरला ७ गुणिले ३ म्हणजे २१ करू नका. आधी सगळं गुणा, ६.३४ गुणिले ३ म्हणजे १९.०२, मग शेवटी एकदाच वर न्या, २० होतात. मधेच वर नेलं की प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं जास्तीचं साचतं. आणि ते .०२ म्हणजे एक किलोसाठी विसावी गोणी घ्यायची का, तर हो, थोडं सांडतं, थोडं गोणीला चिकटून राहतं.

दोन वजनाच्या गोण्या मिळून एक आकडा करायचा असेल तर जरा मजा येते. ४३० किलो द्यायचेत, गोण्या ५० च्या आणि २० च्या, फोडायची एकही नाही. हात आपोआप मोठ्या गोण्यांकडे जातो, ५० च्या ८ ठेवल्या, ४०० झाले, उरले ३०, त्यात २० ची एक आणि १० लटकले. अडकलो. मग एक मोठी परत काढायची, ७ म्हणजे ३५०, उरले ८०, २० च्या ४. बरोबर. म्हणजे मोठ्यापासून सुरू करा पण अडकलात तर एकेक मोठी मागे घेत बघा, कागदावर चार-पाच ओळीत सापडतं. आणि काही आकडे होतच नाहीत, ४० आणि २० च्या गोण्यांत ४३० किती डोकं फोडलं तरी होणार नाही कारण दोन्ही २० च्या पटीतल्या आहेत आणि ४३० नाही. हे आधी बघून घेतलं तर अर्धा तास वाचतो.

थप्पीतल्या गोण्या मोजताना लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून मोकळे होऊ नका. बऱ्याच ठिकाणी एका थरात पाच गोण्या लावतात, तीन एका दिशेने आणि दोन आडव्या, आणि पुढच्या थरात उलट, म्हणजे थप्पी एकमेकांत अडकून उभी राहते. समोरून बघितलं तर एका थरात कधी तीन दिसतात कधी दोन, बाजूने वेगळंच. तर एका थरात किती हे वरून बघून ठरवा, थर मोजा, गुणा. पाचचा थर, १२ थर, ६० गोण्या, अशा ६ थप्प्या म्हणजे ३६०. आणि वर चढून बघा, मधली एखादी काढलेली असते ती खालून दिसत नाही. भिंतीला लागून असलेली थप्पी तर हमखास.

कॉम्प्युटरच्या शीटमध्ये करत असाल तर साधा भागाकार करून सेलचे दशांश लपवू नका, तो फक्त दाखवायला गोल करतो, आत ४३.२५च राहतं आणि पुढच्या सेलमध्ये तेच गुणलं जातं. राउंडअप आणि राउंडडाउन असे वेगळे फंक्शन आहेत ते वापरा, पूर्ण गोण्यांना कोशंट आणि उरलेल्या किलोंना मॉड. स्वतः प्रोग्राम लिहिणारे कुणी असाल तर वजनं किलोच्या दशांशात न ठेवता ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवा. बऱ्याच प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये ०.३ भागिले ०.१ याचं उत्तर ३ येत नाही, २.९९९९ असं काहीतरी येतं, आणि त्याला खाली नेलं की तीनच्या ठिकाणी दोन पाकिटं. ३०० ग्रॅम भागिले १०० ग्रॅम म्हणजे तीनच.

शेवटी चिठ्ठी. नुसतं "१८६ गोण्या" लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कुणालाच कळत नाही कुठल्या, किती किलोच्या, आणि सुटा माल धरून का सोडून. मी एकाच ओळीत सगळा हिशोब लिहितो:

९,३१८ किलो नेट = १८६ × ५० + १८ सुटे, ताग, बारदान ०.६

गुणाकार-बेरीज करून कुणीही तपासू शकतं, आणि काट्यावर ग्रॉस किती दिसणार तेही यावरूनच निघतं. फक्त सुटे १८ किलोसुद्धा एका पोत्यातच भरलेले असतात, तेव्हा बारदान १८७ पोत्यांचं धरा, १८६ चं नाही.